उजव्या खांबावरचे उलटे मासे

कल्पना करा, तुमच्यासमोर संगणकाचा रिकामा पडदा आहे आणि तुम्हाला यिन-यांगचं चिन्ह हलतं करायचं आहे. चिन्ह काढणं सोपं आहे. एक मोठं वर्तुळ घ्या. त्याच्या उभ्या व्यासावर निम्म्या आकाराची दोन वर्तुळं एकावर एक बसवा. नको त्या कडा पुसल्या की मधली वळणाची रेघ उरते. एक बाजू काळी, एक पांढरी. काळ्यात पांढरा ठिपका, पांढऱ्यात काळा. आता सॉफ्टवेअरला सांगा, फिरव. फिरेल. तुम्हाला वाटेल, झालं काम.

अशा वेळी तुमच्या खुर्चीमागे मोऊ जिनलान उभी असेल तर ती म्हणेल, "छान. पंखा केलात. आता छताला टांगा, उन्हाळ्यात उपयोगी पडेल."

तुम्ही विचाराल, मग कसं करायचं? त्यावर ती तुम्हाला खुर्चीतून उठवेल आणि स्वतः बसेल. "हे दोन मासे आहेत. जाड ते डोकं, निमुळती ती शेपूट. मासा वळतो तेव्हा आधी डोकं वळतं, मग अंग, शेपूट मागाहून येते. तुमचं सगळं एकदम वळतंय. मेलेला मासा ताटात ठेवून ताट फिरवलं की असं दिसतं." मग कळतं की काम किती अवघड आहे. एका माशाची शेपूट जेवढी मागे रेंगाळते तेवढ्याच जागेत दुसऱ्याचं डोकं शिरलं पाहिजे, मध्ये केसाएवढी फट दिसता कामा नये. बाहेरचं वर्तुळ जागचं हलायला नको. आणि शेवटची फ्रेम पहिल्या फ्रेमला अशी जुळली पाहिजे की कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कुणाला सांगता येऊ नये.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून रंग आणि प्रकाशाचं काम करत असे. कचेरीत आम्ही सगळे तिला मोऊताई म्हणायचो. चाळिशी ओलांडलेली, केस कानापर्यंत कापलेले, आवाज जिन्याखालीही ऐकू जाणारा. आमचा मालक लुओ तिच्यासाठी कपाटात शेवंतीच्या फुलांचा चहा ठेवायचा. अंगातली उष्णता उतरते म्हणे त्याने.

"ताई, आधी एक कप घे, मग ओरड."

"उष्णता माझ्यात नाहीये लुओ, तुझ्या पोरांच्या कामात गारठा आहे."

आमचं पायशी गाव छिंगछंग डोंगराच्या पायथ्याला, कालव्याच्या काठावर आहे. मोऊताई इथलीच. तिचे वडील गावाचे यिन-यांगवाले होते. थडग्याची जागा बघायची, लग्नाचा आणि मातीचा दिवस काढून द्यायचा, विधी करायचे. नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. नव्या घराचं आढं चढवायचं असलं की आढ्याच्या मध्यावर ते दोन माशांचा गोल काढत. तिथे मासे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जात. घरात माणूस गेला की अंगणात, शवपेटीच्या पायाशी, चुन्याने आणि राखेने तोच गोल काढत, पण हात उलटा फिरे. ते मासे गेलेल्या माणसाला घेऊन जायचे. पेटी उचलली की म्हातारे स्वतः केरसुणी घेऊन गोल पुसत. एक कण राहू देत नसत. राहिला तर तो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो, असं पायशीत मानतात. हे कुठल्या पोथीत आहे की नाही, मला माहीत नाही. मी मिएनयांगहून नोकरीसाठी आलेली, मला हे सगळं नंतर कळलं. पण इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला ते ठाऊक आहे.

शाळेत पोरं जिनलानला बघून नाक धरायची. "मढ्याची पोर आली, मढ्याची पोर." एकाचा पुढचा दात तिने पाडला. तो माणूस आज बाजारात बदकं विकतो आणि हसून खिंड दाखवतो. पुढे ती छोंगछिंगला कला शिकली, चेंगदूत एका गेम बनवणाऱ्या कंपनीत अनेक वर्षं आग, धूर आणि स्फोट करत राहिली. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा परत आली. ते गेले, आई एकटी, म्हणून राहिली. लुओच्या छोट्याशा स्टुडिओत तिच्या तोडीचं काम कधी नव्हतंच. ते एकदाच आलं.

गावची जुनी गल्ली एका पर्यटन कंपनीने भाड्याने घेतली होती. कंपनीचे छू साहेब शहरातले, बूट चकाचक, सगळ्यांना नावाने ओळखायची हौस. त्यांना गल्लीच्या वेशीवर एलईडी पडदा हवा होता आणि त्यावर हलतं यिन-यांग. मोऊताईने अख्खा हिवाळा त्यात घातला. कालव्याचं पाणी जिथे दुभंगतं तिथे जाऊन तिने भोवऱ्यांचं चित्रण केलं. पाण्यात चुना टाकून बघितला. वडिलांचा हात गोल काढताना कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, ते आठवून आठवून माशांची गती बसवली. आम्हाला ती हे सांगत नसे, पण एकदा मी तिला टेबलावर बोटाने तोच गोल परत परत काढताना पाहिलं होतं.

वेशीच्या डाव्या खांबावर पडदा लागला. चाचणीच्या दिवशी समोरच्या नूडल्सच्या दुकानातली झोंग मावशी हातात झारा घेऊनच बाहेर आली. बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, हा तर तुझ्या बापाचा हात."

मोऊताईने पाठ फिरवली आणि वायरमनला एका लोंबत्या तारेवरून एवढं झापलं की तो बिचारा शिडीवरून उतरून निघूनच गेला.

त्यानंतर आठवड्याभरात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती आईला घेऊन चेंगदूला गेली. ती नसतानाच छू साहेबांनी जेवण दिलं. डोंगरावरच्या ताओ मंदिराचे मुख्य पुजारी यान दाओजांग कंपनीचे सल्लागार होते, ते येणार म्हणून सगळं शाकाहारी. वेशीवर त्यांच्या नावाची पाटी आहे, 'परंपरेचे मार्गदर्शक' अशी. पांढरी दाढी, केसांचा बुचडा, बोलणं हळू. लुओ होता, पडदे बसवणारे होते, मी होते.

छू साहेबांनी टेबलाच्या मधलं फिरतं ताट दाओजांगांकडे वळवत विषय काढला. "वेशीला खांब दोन आणि पडदा एक. एकडोळ्या म्हातारा उभा असल्यासारखं दिसतं. उजवीकडेही लावा."

"लावू की," लुओ म्हणाला.

"पण तोच्या तो नको. दारावरचे द्वारपाल कसे एकमेकांकडे तोंड करून असतात? तसं. हा इकडून येतोय, तो तिकडून येतोय. जोडी दिसली पाहिजे. तुमच्यात ते आरशासारखं करायचं बटण असतं ना?"

"असतं, एका क्षणाचं काम," पडदेवाला म्हणाला.

मी म्हटलं, "मोऊताईंना विचारून घेऊ या ना. काम त्यांचं आहे."

"तिला विचारलं तर ती मलाच त्या खांबावर उलटा टांगेल!" छू साहेब म्हणाले. "जेव पोरी, कमळाचं देठ गार होतंय."

सगळे हसले. मी फोन लावला, तिने उचलला नाही, आई ऑपरेशनला आत होती. छू साहेबांनी दाओजांगांकडे मान झुकवून विचारलं, "आपलं काय मत?" दाओजांगांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "टोफू उत्तम झालाय."

दुसऱ्या दिवशी उजव्या खांबावर पडदा चढला. तेच मासे, तीच गती, सगळं उलट. छू साहेब खूश. शहरातून आलेले लोक दोन्ही खांबांच्या मधोमध उभे राहून फोटो काढू लागले. गल्लीतल्या म्हाताऱ्या मात्र डाव्या बाजूने भिंतीला चिकटून जाऊ लागल्या. उजवा खांब झोंग मावशीच्या दुकानाच्या अगदी समोर येतो. दिवसभर, दुकान उघडल्यापासून, तिच्या दारात तो गोल फिरत होता. आणि एका सकाळी पीठ मळता मळता तिचा नवरा परातीवर कोसळला.

मोऊताई त्याच दिवशी दुपारी आईला घेऊन बसमधून उतरली. आईच्या डोळ्याला पट्टी. मी त्यांना आणायला गेले होते. वेशीपाशी पोचलो तर झोंग मावशी बाधा उतरवायचे तांदूळ मुठीत घेऊन उभी. एक मूठ खांबावर मारली, दुसरी मोऊताईच्या अंगावर.

"जिनलान! तिथेच उभी राहा. माझ्या सासूच्या पेटीसमोर तुझ्या बापाने हाच गोल काढला होता. पण त्याने पुसला तरी! तू वीज लावून दिवसभर माझ्या दारात फिरवतेस?"

"मावशी, काय फिरवते मी?"

"वर बघ. डोळ्याला पट्टी तुझ्या आईच्या आहे, तुझ्या नाही."

मोऊताईने वर पाहिलं. मी तिचा चेहरा पाहत होते. आधी तिला कळलंच नाही, कारण मासे तिचेच होते, प्रत्येक वळण तिचंच होतं. मग कळलं. तिने आईला दुकानाच्या बाकावर बसवलं, पिशवी खाली ठेवली आणि केसांतले तांदूळही न झटकता सरळ खांबामागे जाऊन वायर उपटली. पडदा काळा झाला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बघा, तिलाच ठाऊक होतं कुठून बंद होतं ते!"

दुसरं कुणी म्हणालं, "बाप मढ्यांवर जगला, पोरीने जित्यांवर सुरू केलं."

वायर हातात धरून ती वळली. मला वाटलं, आता ही कुणाचा तरी दात पाडणार. पण तिने फक्त विचारलं, "हे कुणी केलं?" कुणी उत्तर दिलं नाही, कारण तिथल्या लोकांच्या मते उत्तर त्यांच्यासमोरच उभं होतं.

पुढच्या सकाळी छू साहेबांच्या कचेरीत बोलावणं आलं. टेबलावर माफीचा मजकूर तयार होता. 'तांत्रिक कर्मचारी मोऊ जिनलान यांच्या निष्काळजीपणामुळे चित्र चुकीच्या दिशेने दाखवले गेले, त्याबद्दल त्या गावकऱ्यांची क्षमा मागतात.' खाली सहीची जागा. हा कागद वेशीवर लागायचा होता.

"एक सही, ताई," लुओ हळूच म्हणाला. "लोक चार दिवसांत विसरतील. पुढचं काम आपल्याकडे राहील. पोरांचे पगार आहेत गं."

"विसरतील? या गावात माझ्या बापाने कुणाच्या आज्याचा गोल नीट पुसला आणि कुणाचा घाईत, हे लोकांना अजून पाठ आहे. त्या वेशीवर माझं नाव लागलं की माझ्या आईने भाजी आणायला कुठल्या रस्त्याने जायचं ते तू सांगणार आहेस?"

छू साहेब समजूतदार आवाजात म्हणाले, "पण मोऊबाई, यिन-यांगवाल्याची मुलगी तुम्ही. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. आधी सांगायला नको?"

"कुणाला सांगू? कशाबद्दल सांगू? मला विचारलं होतंत?"

"फाइल तुमची, मासे तुमचे."

"मासे माझे. उलटे तुम्ही केलेत."

"मी? मी संगणकाला हातही लावत नाही."

"त्या जेवणाला कोण कोण होतं?" ती सगळ्यांकडे वळली. पडदेवाला फरशी बघू लागला. लुओने चष्मा पुसायला घेतला.

"मी होते," मी म्हटलं. "छू साहेबांनीच सांगितलं. जोडी करा म्हणाले. सगळ्यांनी ऐकलंय."

टेबलाखालून लुओचा बूट माझ्या नडगीवर बसला. छू साहेब हसले. "जेवताना माणूस शंभर गोष्टी बोलतो, पोरी. मी हौशी माणूस. तंत्राचं तंत्रवाल्यांनी बघायचं. आणि आपल्याकडे परंपरेचे जाणकार होतेच की. त्यांनी हरकत घेतली असती तर मी थांबलो नसतो का?"

तोपर्यंत मी पाहिलंच नव्हतं, यान दाओजांग खिडकीपाशी झाकणाच्या वाटीत चहा घेऊन बसले होते. मोऊताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. लहानपणापासून ती त्यांना ओळखत होती. वडिलांच्या मातीला ते आले होते.

"दाओजांग, तुम्ही होतात जेवणाला?"

"होतो."

"उलटा गोल कशासाठी काढतात?"

त्यांनी झाकणाने चहावरची पानं बाजूला सारली. "वर्तुळाला उलटं काय आणि सुलटं काय, बाळ. दोन्ही एकाच मुळातून येतात."

"असं? मग तोच पडदा तुमच्या मंदिराच्या दारावर लावते. आत्ता. वायर मी आणते, शिडी मी आणते, खर्च माझा. लावू?"

दाओजांगांनी चहाचा घोट घेतला.

"लावू का, विचारतेय मी!"

"जिनलान," लुओ उठून म्हणाला, "वडीलधारे आहेत."

"वडीलधारे आहेत म्हणूनच विचारतेय! तुला विचारून काय मिळणार, शेवंतीचा चहा?"

दाओजांगांनी वाटीवर झाकण ठेवलं. तिने टेबलावरचा कागद उचलला. मला वाटलं फाडेल. तिने तो व्यवस्थित उलटा करून ठेवला आणि बाहेर पडली. दार तिने एवढ्या जोरात लावलं की भिंतीवरचं कंपनीचं प्रशस्तिपत्र तिरकं झालं. ते नंतर छू साहेबांनी स्वतः उठून सरळ केलं.

कागद वेशीवर लागलाच. फक्त नाव काढलं होतं. 'एका तांत्रिक कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे.' छू साहेबांना वाटलं असावं, केवढा मोठेपणा केला आपण. मला तो कागद वाचून नावाच्या कागदापेक्षाही जास्त चीड आली. गावात एकच बाई हे काम करते, हे बाजारातल्या बदकवाल्यालाही माहीत आहे. नाव नाही म्हणजे नाकारायचीही सोय नाही.

मोऊताई भर बाजाराच्या वेळी जाड पेन घेऊन आली. लोक थांबले. मजकुराखाली तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ती कर्मचारी मी. मासे माझे आहेत. उलटे करायला मी सांगितलं नाही. मोऊ जिनलान, यिन-यांगवाल्यांची मुलगी.' लिहून झाल्यावर वळून म्हणाली, "वाचता येतं ना सगळ्यांना? की वाचून दाखवू?"

कागद दुपारपर्यंत काढला गेला. दोन्ही पडदे उतरवले गेले. डावाही, ज्याचा काही दोष नव्हता. लुओच्या हातून गल्लीचं काम गेलं आणि त्याने मोऊताईला घरी बसायला सांगितलं. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचा राग आला. रडायचं होतं तर त्या कचेरीत एक वाक्य बोलायचं होतं.

झोंग मावशीचा नवरा वाचला. तोंडाची एक बाजू ओढल्यासारखी झाली आहे, पण पीठ मळतो. तो घरी आल्यावर एक दिवस मोऊताई आणि मी गल्लीतून जात होतो, तर मावशीने झाऱ्याने खूण करून आत बोलावलं. काही न विचारता दोन वाडगे समोर ठेवले. त्यात एवढं मिरचीचं तेल होतं की मला पहिल्याच घासाला ठसका लागला. मोऊताई मुकाट्याने खात राहिली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, तरी खात राहिली.

"मी तुझ्यावर तांदूळ टाकले," मावशी म्हणाली.

"टाकलेत."

"मग कुणी केलं ते?"

मोऊताईने सांगितलं. जेवण, द्वारपाल, आरशाचं बटण, सगळं. मावशीने फडक्याने हात पुसले. "छू बाहेरचा माणूस. त्याला काय कळतंय, त्याला फोटो पाहिजेत. त्याच्यावर काय रागवायचं." मग थांबून म्हणाली, "पण दाओजांग होते म्हणतेस? यान दाओजांग? टेबलावर?"

"टोफू खात होते."

मावशीने फडकं खांद्यावर टाकलं. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली.

तेव्हापासून मोऊताई छू साहेबांचं नाव काढत नाही. घरी बसून चेंगदूच्या जुन्या कंपनीसाठी धूर आणि स्फोट करते, आईच्या डोळ्यात थेंब घालते. आणि बाजाराच्या दिवशी डोंगर चढून मंदिरात जाते. दारावरचा शिष्य कधी सांगतो दाओजांग ध्यानात आहेत, कधी बाहेरगावी गेलेत, कधी तब्येत बरी नाही. ती पायरीवर बसते, बाटलीतला चहा पिते, खाली येते. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. उतरताना म्हटलं, "ताई, सोड आता. माफी मागणार नाहीत ते."

ती थबकली. "माफी कोण मागतंय? माफी घेऊन मी काय लोणचं घालू?" वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, ते ती रागाने मागे सारत होती. "माझ्या बापाच्या मातीला उलटा गोल काढला होता. बाजूच्या गावचा यिन-यांगवाला आला होता काढायला. हा माणूस तिथे दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पुसला तेव्हाही होता. मला एवढंच सांग. नाही, तू नको, त्याने सांगावं. त्या टेबलावर त्याला ठाऊक होतं आणि तरी तो गप्प बसला, की एवढी वर्षं दाढी वाढवून, आमच्या मढ्यांवर मंत्र म्हणून, त्याला ते कधी ठाऊकच नव्हतं?"